पाण्याच्या खुणा

शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा
आधी रात्रभर सोड्याच्या पाण्यात.
सकाळी दादा त्याची कापलेली कड हातोडीने आत वळवतात,
तळाला खिळ्याने सात भोकं पाडतात,
मग कानस, मग पॉलिशपेपर,
तेल कंपनीचा मोर निघेपर्यंत.
मोर लवकर जात नाही.
पिसारा जातो, डोळा राहतो.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत
कढीपत्त्यासाठी कुणी रेड ऑक्साइड लावत नाही.
दादा लावतात. दोन हात.
"आतून लावा की, माती आत असते,"
आई म्हणते.
"आतून आधीच लावलाय."

छत्तीस वर्षं गोदीत
जहाजांच्या अंगावर आकडे काढले त्यांनी.
दोरांवर लोंबणाऱ्या फळीवर बसून,
नाळेपाशी, मग सुकाणूपाशी,
पाणी कुठवर चढलं ते सांगणारे आकडे.
दोन, चार, सहा, आठ.
आकडा दहा सेंटिमीटर उंच,
मधली जागाही दहा.
जहाजाचं नाव दुसरा पेंटर काढायचा, तुकाराम बोरकर.
त्याला वळण चालायचं, शेपटी चालायची,
लहर आली तर एखादं पानही.
आकड्यांना लहर येऊन चालत नाही.

निवृत्त झाले त्या वर्षीचा पहिला डबा
करडा, युद्धनौकेसारखा,
त्यावर पांढरे आकडे, खालून वर.
आई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.
"कढीपत्ता काय एडनला निघालाय?"

दादा हसले नाहीत.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, फडक्याला पुसला,
टोक ओठांनी ओलं करून सरळ केलं.
आईने ते बघायचं नाही असं ठरवलेलं.

मग शेजारच्या मेंडोन्साबाईंनी डबा आणला.
म्हणाल्या, आकडे नको, माझ्याकडे कॅलेंडर आहे.
फूल काढा एक. जास्वंद लावणार आहे.

दोन दिवस डबा तसाच.
तिसऱ्या दिवशी माझी शाळेतली कंपासपेटी मागितली.
मध्यबिंदू, वर्तुळ, खडूत भिजवलेला दोरा,
बहात्तर-बहात्तर अंशांवर पाच पाकळ्या.
दारूखान्यातून आणलेला सिग्नल रेड.
उजवा हात तोवर थरथरायला लागला होता,
डाव्याने मनगट धरून काढायचे,
श्वास सोडताना रेघ,
घेताना थांबणं.
चौथी पाकळी जरा सांडली.
मेंडोन्साबाई म्हणाल्या, सेम टू सेम.

आठवड्याभरात गॅलरीच्या कठड्याला
अकरा डबे, सगळ्यांवर तीच जास्वंद.
गवती चहाच्या डब्यावर जास्वंद.
ओव्याच्या डब्यावर जास्वंद.
शिर्केंच्या मुलाने पोपट मागितला,
त्याला सांगितलं, पोपटाचं माप माहीत नाही.

एका सकाळी खरी फुलली.
दादा चष्मा लावून वाकले,
एकदा डब्याकडे, एकदा झाडाकडे,
पुन्हा झाडाकडे.
"हिला एक हात कमी पडलाय," म्हणाले
आणि चहा प्यायला आत गेले.

आता ब्रश मीच धुते.
पाणीही मीच घालते, रात्री, ऑफिसातून आल्यावर,
खालच्या मजल्यावर ठिबकलं की शिव्या येतात
म्हणून प्रत्येक डब्याखाली ताटली.

काल पहिल्या डब्यातली माती खाली बसलेली दिसली,
चांगली चार बोटं.
बाहेरचे आकडे उन्हाने फिके,
सहाला गंज लागून त्याचा शून्य झालेला.
पण आत, मातीच्या वरच्या कडेला,
पांढरं काहीतरी.
बोटाने घासलं.

आठ.
आतूनही काढले होते त्यांनी,
कुणी बघणार नाही तिथे,
माती भरायच्या आधी.
दोन्ही गोल अगदी गोल,
रेघ कुठेही हललेली नाही.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे.
आतून हाक आली,
"किती झालं?"

"आठ दिसतोय, दादा."

खाट करकरली.
थोडा वेळ काहीच नाही.
मग,
"दिसायला नको. माती घाल."